सखूसाठी घर मांडताना : परभणीच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सखू आज आमच्याकडे आली. हिरवी इग्वाना (मोठ्या सरड्याची एक जात), मादी, वय साडेतीन वर्षं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सव्वा मीटर, त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. पुण्यात माझ्या धाकट्या भावानं तिला वाढवली. त्याला नोकरीसाठी देशाबाहेर जायचंय आणि सखूला परक्या हातात द्यायला तो तयार नव्हता. सुट्टीत पुण्याला गेले की तिला पाला भरवायला मीच पुढे असायचे, म्हणून ती परभणीला आली.

कागदपत्रं सगळ्यात आधी. इग्वाना मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचं नाव आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. भावानं ती वेळेत केली होती. आता ताबा बदलल्याचा अर्ज भरायला घेतलाय. ह्या कागदांची एक प्रत दाराशेजारच्या फाइलमध्ये कायम राहील, कारण आमच्याकडे हिरवं, लांब, खवल्यांचं काही दिसलं की लोक ‘घोरपड’ म्हणतात. घोरपड पाळणं हा गुन्हाच आहे, ती ह्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विचारणाऱ्याला मी दोन खुणा दाखवते. इग्वानाच्या पाठीवर मानेपासून काट्यांची रांग असते आणि कानाखाली एक मोठा गोल खवला असतो. घोरपडीला दोन्ही नसतात, आणि तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते.

भावानं सहा फूट उंच पिंजराही दिलाय. पण झाडावर राहणारा जीव त्यात चोवीस तास ठेवायचा माझा विचार नाही. दिवसाचे काही तास ती घरात मोकळी फिरावी, आणि त्यात तिला किंवा घरातल्या कुणाला इजा होऊ नये, एवढंच काम ह्या वहीत लिहायचं आहे.

१४ नोव्हेंबर

पिंजरा हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीला लावला. सोडायची घाई नाही. आधी घराचं तापमान कागदावर आणलं.

सखूच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. ती बाहेरून घेते, आणि तिच्यावरच तिचं पचन, हालचाल, रोगाशी लढणं सगळं चालतं. शेकायच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश हवेत, बाकी जागेत २७ ते ३१, आणि रात्री २४च्या खाली जाता कामा नये. म्हणजे ती फिरायला निघाली की प्रत्येक पावलाला ऊब खर्च करत निघते. मोकळं सोडलेली पाल-सरड्याच्या जातीची जनावरं दिवसेंदिवस खात नाहीत, सुस्त होतात, ह्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. घर त्यांच्यासाठी गार असतं आणि परत शेकायला जवळ जागा नसते.

मोजायला ह्यांनी कामावरची इन्फ्रारेड बंदूक आणली. हे वायरिंगची कामं घेतात, त्यामुळे पॅनेल तपासायची ती घरातच होती. कोविडातली ताप बघायची बंदूक इथे चालत नाही, ती माणसाच्या कपाळासाठी असते. सकाळी साडेनऊला हॉलची शहाबादी फरशी १९, खिडकीखालचा उन्हाचा पट्टा २९, सोफ्याचं कापड २३, देवघराचा ओटा २०, इन्व्हर्टरचं झाकण ३३, फ्रिजमागची जाळी ३८.

शेवटच्या दोन आकड्यांवर लाल गोल केला. आपल्या घरातल्या उबदार जागा नेमक्या विजेच्या आणि अरुंद आहेत, आणि सखू तिकडेच जाणार.

१७ नोव्हेंबर

आज दिवसभर गुडघ्यावर फिरले. तिच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं.

फ्रिजच्या दोन्ही बाजूंना प्लायच्या पट्ट्या ठोकल्या, वरून हवा जायला जागा ठेवून. इन्व्हर्टरला वेल्डमेशचा, म्हणजे लोखंडी तारेच्या जाळीचा, पिंजरा केला. दिवाणाचं झाकण हे मला सगळ्यात भीतीचं वाटतं. आत गाद्या, अंधार, ऊब, आणि वरून जड फळी. त्याला कडी-कोयंडा बसवला. धुण्याच्या मशीनचं झाकण कायम बंद, आणि चालू करण्याआधी आत हात घालून बघायचं.

मोरीतलं टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन टिपाडं भरलेली असतात. इग्वाना उत्तम पोहते, पण प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कडेला तिची नखं लागत नाहीत. पोहून पोहून थकते आणि बुडते. टिपाडांना झाकणं आणि झाकणांवर वीट. बादलीत रात्री पाणी ठेवायचं नाही.

खिडक्यांची डासांची नायलॉन जाळी तिच्या नखांपुढे टिकणार नाही. हॉल आणि मधल्या खोलीला बारीक वेल्डमेश लावली. तिची टोकं आत वळवून घेतली, नाहीतर बोटं कापतील.

झाडं. कुंडीतली कण्हेर शेजारच्या काकूंना दिली. तिचं पान-फूल-काडी सगळंच हृदयावर घातक आहे. मनीप्लांट आणि पट्ट्यापट्ट्यांचं डायफेनबेकियाही बाहेर; त्यांच्या पानांतले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंड-घसा सुजवतात. जास्वंद राहिली. तिची पानं-फुलं सखूचं जेवणच आहे.

मुंग्यांचा खडू, झुरळांचं औषध, डासांची अगरबत्ती ह्या तिन्ही गोष्टी हॉल आणि मधल्या खोलीतून कायमच्या बंद.

गोधडीचाही विचार केला. सासूबाईंनी प्रेमानं तिच्यासाठी एक जुनी काढून ठेवली होती. पण सुटा दोरा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त थांबतं आणि बोट काळं पडून गळतं. त्याऐवजी घट्ट विणीची सतरंजी अंथरली, कडा शिवून. सासूबाईंना कारण सांगितलं, त्यांनी स्वतःच सुई घेऊन कडा पक्क्या केल्या.

२४ नोव्हेंबर

पहिल्यांदा सोडलं. क्रम ठरवलाय आणि तो मोडायचा नाही. आधी शेकणं, मग पाला, मग पाणी, मग घर. सकाळी दिव्याखाली अंग तापलं की ती खाते. त्यानंतर कोमट पाण्याच्या मोठ्या घमेल्यात पोटापर्यंत बसवलं की बहुतेक वेळा तिथेच शी करते. ती झाल्यावरच दार उघडायचं. त्यामुळे घर स्वच्छ राहतं, आणि मला तिचं पोट रोज कळतं. विष्ठेतला पांढरा भाग खडूसारखा कडक दिसला तर पाणी कमी पडतंय.

पिंजऱ्यातून उतरून ती सतरंजीवर आली आणि थांबली. मग जीभ. गुलाबी, जाड, टोकाला किंचित गडद. दर अर्ध्या फुटाला जीभ फरशीला टेकवायची, तोंड मिटायचं, थांबायचं, पुढे जायचं. सोफ्याचा पाय, उंबरा, माझ्या चपलेचा अंगठा, सगळं तिनं असं चाखून घेतलं. जिभेवर आलेला वास टाळूतल्या एका इंद्रियाकडे जातो, तिथे तो कळतो. मी हे वाचलं होतं, पण अर्धा तास तिच्यामागे पोटावर सरकत पाहिलं तेव्हा फरशी फिनेलनं पुसायची का, हा प्रश्न माझ्यासाठी संपला. आपण जे फरशीवर ओततो ते ती थेट तोंडात घेते. फिरायच्या दोन्ही खोल्या आता गरम पाणी आणि साध्या साबणानं पुसायच्या, वर एकदा नुसत्या पाण्यानं. घाण झालीच तर पातळ ब्लीच, तेही ती पिंजऱ्यात असताना, आणि धुऊन पूर्ण वाळल्यावरच सोडायचं.

स्वयंपाकघर आणि देवघर तिला बंद. धडधाकट इग्वानाच्या आतड्यातही साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो. तिला त्याचा त्रास नसतो, आपल्याला जुलाब-ताप होतो. जिथे पोळ्या लाटतो तिथे ती येणार नाही, आणि तिला हात लावला की साबणानं हात धुवायचे, पाहुण्यांनीसुद्धा. देवघराचं कारण समईही आहे. तेलाची ज्योत तिच्या उंचीवर असते आणि ती उबेकडे जाते.

आत यायच्या दाराला लेकीनं पाटी केली : ‘सखू मोकळी आहे. हळू उघडा, खाली बघा.’ दारात शेपटी चिमटली तर ती तोडून टाकण्याची सोय तिच्या शरीरात आहे. पुन्हा उगवते, पण आखूड, काळपट, आणि तेवढी साठवलेली ताकद जाते.

८ डिसेंबर

मधल्या खोलीत ती दचकते. हॉलमध्ये नाही. तिथे पाऊल टाकलं की अंग चपटं करते, गळ्याची पिशवी ताणते, मागे सरते. मी दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी बघत बसले.

कारण पंख्यात निघालं. मधल्या खोलीची ट्यूब भिंतीवर उंच, पंख्याच्याही वर लावलेली आहे. थंडीतही सासूबाईंना एकवर पंखा लागतो, आणि पात्यांच्या सावल्या फरशीवरून सरकत राहतात. इग्वानाच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे मधोमध, एक फिकट खवला असतो. त्याखाली तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली कळते. रानात वरून झडप घालणारा पक्षी त्यालाच आधी जाणवतो. आमच्या मधल्या खोलीत तिच्यावर दर सेकंदाला घार येत होती.

ह्यांनी ट्यूब पंख्याच्या खाली घेतली. सखू फिरताना पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी. ती कपाटावर आणि पडद्यावर चढते, तेव्हा पाती तशीही धोक्याची होती. पडदे काढून टाकले आणि तिला चढायला भिंतीला बाभळीचं सोललेलं खोड आडवं-तिरपं बसवलं, वरच्या टोकाला शेकायचा दुसरा दिवा, जाळीच्या पिंजऱ्यात. आता दोन खोल्यांत दोन उबदार ठाणी झाली. ती एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाते, मधे गार फरशीवर रेंगाळत नाही.

तिला उचलतानाही वरून हात घालायचा नाही. समोरून, खालून, छातीखाली.

३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतातल्या पूजेचा सण. औशाजवळ माझ्या माहेरच्या शेतात गेलो. सखू दिवसभर पिंजऱ्यात, दिवे टाइमरवर, शेजारच्या काकू दुपारी नजर टाकून गेल्या. घरात मोठं माणूस जागं नसताना तिला मोकळं सोडायचं नाही हा नियम आहे, सणालाही.

येताना दादानं लसूणघासाच्या पेंढ्या दिल्या. जनावरांसाठी वाफ्यात लावलाय, फवारा मारलेला नाही. कॅल्शियमसाठी हा घास आणि शेवग्याचा पाला ह्यांच्यासारखं दुसरं काही आमच्याकडे स्वस्तात मिळत नाही. मेथी, कोथिंबीर, भोपळ्याचा कीस, जास्वंद अधूनमधून. पालक टाळते, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. अंडी-मांस-किडे अजिबात नाही. ती पालाखाऊ आहे, असलं प्रथिन पुढे मूत्रपिंडावर येतं. बाजारची भाजी मात्र भरपूर पाण्यात धुऊनच. आमच्या भागात कापूस-सोयाबीनवर काय काय फवारतात ते आम्ही सगळे जाणतो.

नुसत्या पाल्यानं हाडं होत नाहीत, त्याला ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच ‘यूव्हीबी’ किरण अडवते आणि त्यांच्याशिवाय कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही. म्हणून पिंजऱ्यात यूव्हीबीची नळी, आणि साडेदहाच्या सुमाराला गच्चीवरच्या जाळीच्या खुराड्यात तासभर. खुराड्याचा अर्धा भाग सावलीत. घारी, मांजरं आणि माकडं तिन्ही येतात, त्यामुळे मी शेजारी निवडण-टिपण घेऊन बसते.

९ जानेवारी २०२५

थंडी कडक. परभणीचा पारा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतून दर हिवाळ्यात पेपरात येतो, आणि तो का येतो हे आमच्या हॉलमध्ये पहाटे कळतं : आत १४.

रात्री पिंजऱ्याला शंभर वॅटचा सिरॅमिक हीटर आहे. तो उजेड देत नाही, त्यामुळे तिची झोप मोडत नाही. थर्मोस्टॅट २६वर. काल मध्यरात्री वीज गेली ती सकाळी आली. हीटर इन्व्हर्टरवर घेतलेला होता. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर अठराशे वॅट-तास. एवढ्या कडक थंडीत पंखे बंदच असतात, बाकी भार काढला की रात्र निघते. पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी घोंगडी, समोरची बाजू हवेसाठी उघडी.

कुणी सुचवलं म्हणून लिहून ठेवते : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. तो धूर माणसालाही मारतो.

अशा दिवसांत फिरणं साडेअकरा ते तीन एवढंच. गारठलेल्या अंगात खाल्लेला पाला पचत नाही, आत कुजतो. फरशी २२च्या वर आल्याशिवाय दार उघडत नाही.

२ फेब्रुवारी

सखूचं फिरणं बदललं. आधी ती दोन ठाण्यांमधे ठरलेल्या वाटेनं जायची. चार-पाच दिवसांपासून कोपरे धरते. सोफ्यामागे, कपाटाखाली, मोरीच्या उंबऱ्यापाशी, पुढच्या पायांनी फरशी खरवडते. खाणं निम्म्यावर. डोळे मात्र तरतरीत आणि पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं.

सासूबाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, “अगं, ही जागा हुडकायलीय. लेकुरवाळी बाई अशीच करती.”

त्यांचं बरोबर असावं असं मलाही वाटतंय. इग्वानाची मादी नराशिवायही अंडी धरते, कोंबडीगत. घालायला जागा मिळाली नाही तर ती आत अडकतात, आणि त्यात मादी दगावते. पिंजऱ्यात नुसती बसलेली असती तर हे मला इतक्या लवकर कळलं नसतं.

५ फेब्रुवारी

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे हे आमचं भाग्य. तिथे एक्स-रे काढला. पोटभर अंडी, ओळीनं, कवच पातळ. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, तरतरीत आहे, चालते-फिरते आहे, तोवर थांबा आणि जागा करून द्या. मलूल झाली, मागचे पाय ओढायला लागली, तर त्याच दिवशी घेऊन या.

घरी आल्याबरोबर पेटीचं काम. जुनी पत्र्याची धान्याची कोठी मिळाली, झाकणाची. एका बाजूनं तिचं अंग आत जाईल एवढं भोक कापलं, कडेला रबरी पाइप चिरून बसवला म्हणजे पोट खरचटणार नाही. आत फूटभराहून जास्त माती लागते, ओलसर, पण पाणी न गळणारी, आणि ३० अंशांच्या आसपास.

माती कुठली घ्यायची हा खरा प्रश्न. अंगणातली काळी माती घेऊन मुठीत दाबली. ओली असताना लोण्यासारखी चिकटते, वाळली की भेगाळते. तिच्यात केलेलं बीळ तिच्यावरच ढासळेल. शेजारच्या बांधकामावरून उरलेली वाळू चाळून आणली, नर्सरीतून लाल माती, निम्मी-निम्मी. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं भोक पाडलं तर ते टिकावं, एवढा ओलावा. बोट काढून पाच मिनिटं थांबले. भोक तसंच उभं होतं. कोठीच्या बाहेरून, बाजूला, कमी वॅटची हीट-मॅट थर्मोस्टॅटवर लावली. मातीखाली लावली नाही, कारण इग्वानाला पोटाखालचं चटकन कळत नाही आणि ती भाजत बसून राहते.

कोठी सोफ्यामागे ठेवली, जिथे ती सगळ्यात जास्त खरवडत होती. जागा तिनंच दाखवलेली.

१६ फेब्रुवारी

आधीचे तीन दिवस ती कोठीत जायची, नाकावर माती घेऊन बाहेर यायची, पुन्हा जायची. घरात सगळ्यांनी आवाज कमी केला, टीव्ही बंद. काल दुपारी गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. आली तेव्हा पोट आत गेलेलं, मांडीची हाडं दिसणारी, आणि येऊन थेट पाण्याच्या घमेल्यात बसली. बराच वेळ पाणी पीत होती.

आज माती उकरली. सव्वीस अंडी, पिवळसर, मऊ. फलित नाहीत, पुरून टाकली. पुन्हा एक्स-रे करून आत काही राहिलं नाही ह्याची खात्री केली.

आठवडाभर खाणं भरपूर, कॅल्शियमची भुकटी रोज, फिरणं तिच्या मर्जीनं. आज ती शेकायच्या खोडावर चढली आणि दुपारभर तिथेच राहिली. राहू दे.

९ मार्च

मोठा बदल. नणंदबाई आठव्या महिन्यात, ह्या महिनाअखेरीस बाळंतपणाला येणार. घरभर आनंद आहे, आणि मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट स्पष्ट बोलायची होती, ती आज जेवताना बोलले.

बाळंतीण आणि तान्हं बाळ असलेल्या घरात सखू मोकळी फिरणार नाही. साल्मोनेला मोठ्या माणसाला दोन-चार दिवसांचा त्रास देतो, तान्ह्या बाळाच्या रक्तात, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाळानं सखूला हात लावायचीही गरज नाही. तिच्या वाटेवरची फरशी, तिचं घमेलं धुतलेली मोरी, माझा पदर, एवढं पुरतं. बालरोगतज्ज्ञांनाही विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात असे प्राणी नसावेत.

सासूबाई म्हणाल्या, “मंग तिला देऊन टाकायची का?” त्यांचा आवाज जड झाला होता. मला ते ऐकून बरं वाटलं, चार महिन्यांत ती त्यांचीही झालीय.

तोड अशी काढली. गच्चीवर एक स्लॅबची खोली आहे, जिना बाहेरून. ती सखूची. स्वतंत्र नळ, स्वतंत्र घमेलं, पोछा, झाडू, माझे वर घालायचे कपडे आणि चपला वरच. तिच्या पाण्याचा निचरा वरच्या वेगळ्या पाइपातून. बाळाचं काहीच मी करणार नाही, ते सगळं सासूबाई करतील. मी वरचं बघेन. खाली सखू येणार नाही, किमान बाळ मोठं होईपर्यंत. हॉल आणि मधली खोली ब्लीचनं दोनदा धुतली, सतरंजी, खोड, कोठी वर नेली.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर वरच्या स्लॅबला चुना मारला. पांढरा सिमेंट आणि चिकटपणासाठी थोडा डिंक घालून, दोन हात. आमच्याकडे उन्हाळ्याआधी पुष्कळ जण मारतात. फक्त चुना ओला असताना सखू खोलीतच बंद, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो.

पश्चिमेची भिंत हा प्रश्न आहे. दुपारी चारला आतून ४१ लागली. बाहेरून तुराट्यांचे ताटवे बांधले, भिंत आणि ताटवा ह्यांत वीतभर फट ठेवून. फटीतून हवा वर जाते. दोन दिवसांनी त्याच वेळी ३५.

हिवाळ्यात मी ऊब शोधत होते, आता सावली. इग्वानाला घाम येत नाही. फार तापली की तोंड उघडून बसते, आणि हलायला गार जागा नसेल तर त्यातच मरते. म्हणून खोलीत रोज दुपारी एक कोपरा ३०च्या खाली असलाच पाहिजे.

२० एप्रिल

बाहेर ४२. आर्द्रता मोजली, दुपारी १७ टक्के. सखूला ६०च्या पुढे लागते. परिणाम दिसायला लागला : कात नीट सुटत नाही. पाठीवरची पापुद्र्यानं निघाली, पण मागच्या पायाच्या दोन बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला जुनी कात कड्यासारखी राहिली. ती सुकून आवळते आणि पुढचा भाग मरतो. ओढून काढायची नाही. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवून ओल्या मऊ फडक्यानं हळू चोळलं, तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी झाली.

उपाय आपल्याकडचाच. वाळ्याचा कूलर. परदेशात ह्यासाठी धुकं करणारी यंत्रं विकत घेतात, मराठवाड्यात तेच काम प्रत्येक खिडकीत लटकलेलं असतं. कूलर लावल्यावर खोलीत ६० टक्के, तापमान २९. शेकायचा दिवा दुपारी बंद, सकाळी दोन तास पुरतो.

कूलर तिच्यासाठी जसाच्या तसा चालत नाही. पुढच्या पट्ट्यांतून शेपटी आत जाते, म्हणून अर्ध्या इंचाची जाळी. टाकीचं झाकण स्क्रूनं. वायर पीव्हीसी पाइपातून. वारा थेट अंगावर नको, भिंतीवर आपटून यावा असं तोंड वळवलं. वाळा आणि टाकी दर आठवड्याला धुवायची, साचलेल्या पाण्याचा वास आला की आतल्या हवेतही तेच असतं. वीज गेली तर खिडकीवर ओलं तरट.

पाणी कुठून आणायचं हाही विचार आहे. घमेल्यातलं पाणी टाकून देत नाही, पाइपानं गच्चीखालच्या लिंबाला जातं. भाजीच्या वाफ्याला मात्र नाही.

११ मे

बाळ तीन आठवड्यांचं, गुटगुटीत. येणारं-जाणारं माणूस वाढलंय, त्यामुळे सखूची बातमीही पसरली.

आज एक ओळखीचे काका वर डोकावून गेले आणि खाली येऊन हळूच म्हणाले, गुडघ्यासाठी ह्याचं तेल मिळंल का. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि नीट सांगितलं. घोरपडीचं काय, वाळवंटातल्या सांडा सरड्याचं काय, ते तेल म्हणजे निव्वळ चरबी. गुडघ्यातली झीज त्यानं भरत नाही. त्या चरबीसाठी जिवंत जनावराची पाठ मोडून बाजारात मांडतात. ‘हत्थाजोडी’ म्हणून पूजेला जे मूळ विकतात ते मूळ नसतंच, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. त्यासाठी घोरपडी मारल्या जातात आणि विकणारा-घेणारा दोघांवर गुन्हा होतो. काका ऐकून गप्प झाले. गुडघ्यासाठी सिव्हिलमधल्या हाडांच्या ओपीडीचा दिवस त्यांना लिहून दिला.

हे घर सुरक्षित करण्यातच मोडतं असं मला वाटतं. सखू कधी निसटलीच तर पहिल्या पाच मिनिटांत तिची गाठ गल्लीशी पडणार. तिथे काठी उचलली जाईल की मला फोन येईल, हे आधीच्या बोलण्यावर ठरतं. म्हणून गल्लीतल्या मुलांना रविवारी दोघा-दोघांना जिन्याच्या वरच्या पायरीवर बसवून जाळीतून दाखवते. हात लावू देत नाही. दोन घरांना नंबर दिलाय, सर्पमित्रांनाही सखूचा फोटो पाठवून ठेवलाय, म्हणजे घोरपड समजून कुणी तिला रानात सोडणार नाही. आमच्या रानात ती एक हिवाळा काढणार नाही.

८ जून

मृग लागला, काल पहिला जोराचा पाऊस. आर्द्रता आपोआप ७५, कूलर बंद करून झाकला. आता उलटं काम : हवा खेळती ठेवायची, नाहीतर पोटाखालच्या खवल्यांना बुरशी धरते. वरच्या झरोक्याला छोटा एक्झॉस्ट पंखा, आतून जाळीचा डबा. खोडाचं लाकूड काही ठिकाणी फुगलंय, ते तासलं.

ऊन दिवसेंदिवस मिळणार नाही, त्यामुळे यूव्हीबीची नळी बदलायची. ती दिसायला पेटलेली असते, पण तिच्यातले कामाचे किरण महिन्यागणिक कमी होतात. बदलल्याची तारीख नळीवरच मार्करनं लिहायची.

सखू आज १.२८ मीटर. वजन वाढलंय. वाट ठरलीय : खोड, खिडकीची फळी, कूलरचं झाकण, परत खोड. कूलरच्या झाकणावर ती चढणार हे धरून त्याखाली लाकडी टेकू दिला.

राहिलेली कामं : मोरीच्या जाळीला दुसरा स्क्रू, पावसात तिथून बेडूक आणि त्यामागे साप येतो. बाहेरच्या जिन्याच्या दाराला आतून आणि बाहेरून दोन्हीकडे कडी. इन्व्हर्टरचं पाणी. लाल माती पोत्यात भरून कोरडी ठेवणं, जानेवारीत कोठी पुन्हा भरावी लागेल.